अंतर कामाला लावणारे प्रयोग

१२ जानेवारी २०२५, रविवार. दुपारचे साडेबारा. धारवाडच्या आमच्या गच्चीवर माझा नऊ वर्षांचा मुलगा वाळूच्या बादलीत उभ्या केलेल्या एक मीटरच्या काठीची सावली खडूनं टिपत होता. तिकडे इंदूरला अक्काची, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची, बारा वर्षांची मुलगी तिच्या गच्चीवर नेमकं तेच करत होती. फोन मध्ये ठेवला होता, पण त्याच्याकडे कुणी फारसं बघत नव्हतं. दर पाच मिनिटांनी दोघांचा आवाज तेवढा यायचा.

"तुझी किती?"

"अजून आखडतेय. तुझी?"

सर्वांत आखूड सावली धारवाडला ७६ सेंटिमीटर आली, इंदूरला ८९.५. मग दोघांनी वहीत काटकोन त्रिकोण काढले, कोनमापकानं कोन मोजले, गूगलच्या नकाशावर दोन गावांमधलं सरळ अंतर काढलं (८१० किलोमीटर) आणि पृथ्वीचा परीघ किती ते मांडलं. उत्तर आलं ५८,३२० किलोमीटर.

मुलगा दोन मिनिटं गप्प झाला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, खरं उत्तर चाळीस हजार आहे. मी आत्ता बघितलं. ताईची सावली थोडी वाढवून लिहू या का?"

फोन चालूच होता. इंदुरातून आवाज आला, "मग मी पाऊण तास उन्हात कशाला उभी राहिले रे?" आणि फोन बंद.

हा लेख त्या दुपारीवर आहे, आणि तिच्या आधीच्या एका फसलेल्या दुपारीवरही. मुलांचं शिकणं आता निम्मं पडद्यावर आलं आहे. शाळा रोज भरते, तरी क्लास ऑनलाइन, प्रोजेक्ट ऑनलाइन, आत्या-मावश्यांची मुलं परगावी, तीही ऑनलाइनच भेटणार. अशा वेळी विज्ञानाचे कोणते प्रयोग निवडायचे हा प्रश्न माझ्यासारख्या अनेक आयांपुढे आणि बाबांपुढे असतो. मी शिक्षिका नाही. हुबळीत बी.ई. झाले, बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, २०२० पासून बेंगळुरूची नोकरी धारवाडच्या घरातून करते. पण चुका करून दुरुस्त करायची सवय आमच्या धंद्यात लागतेच, आणि या बाबतीत मी आधी चुकाच केल्या.

फसलेला रविवार

२०२० चा जुलै आठवा. शाळा बंद होत्या. लहान मुलांना ऑनलाइन शिकवावं की नाही यावरच आपल्या राज्यात वाद चालला होता. सरकारनं जूनमध्ये ऑनलाइन वर्गांवर बंधनं आणली, जुलैत उच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. मुलं घरात, आईवडील घरात, आणि सगळ्यांच्या मध्ये एक फोन. तेव्हा मला वाटलं, आपल्या ओळखीच्या मराठी घरांतल्या मुलांसाठी दर रविवारी एक तास विज्ञानाचा घेऊ या. चौदा मुलं आली. हुबळीच्या विद्यानगरातली, केशवापुरातली, धारवाडच्या मालमड्डीतली.

आदल्या दिवशी मी सामानाची यादी पाठवली. खायचा सोडा, व्हिनेगर, खायचे रंग, फुगे, काचेची अरुंद तोंडाची बाटली. रविवारी मी झकास ज्वालामुखी करून दाखवला. फेस आला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आयांनी कौतुक केलं. मला वाटलं, जमलं.

एका मुलाचा कॅमेरा मात्र सुरुवातीची पाच मिनिटं चालू होता, मग बंद झाला तो बंदच. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. "ताई, राग मानू नका. आमच्याकडं ते व्हिनेगर नव्हतं. चार दुकानं फिरलो, मिळालं नाही. बाकीच्यांचं सगळं मांडून ठेवलेलं दिसलं म्हणून त्यानं कॅमेरा बंद केला."

ती बाई माफी मागत होती, आणि चूक माझी होती. लिंबू चाललं असतं. चिंचेचा कोळ चालला असता. त्या घरात दोन्ही होतं. मी यादी करताना माझं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवलं होतं, त्याचं नाही. वर्गात असा मुलगा शेजारच्याच्या बाटलीत सोडा टाकतो आणि प्रयोग त्याचाही होतो. पडद्यावर शेजार नसतो. तिथं ज्याच्याकडे सामान नाही तो एकटा पडतो, आणि एक बटण दाबून नाहीसाही होऊ शकतो.

दुसरी गोष्ट मला माझ्या मुलानं सांगितली. तो तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. "आई, तू करतेस आणि आम्ही बघतो. कार्टूनमध्ये पण तसंच असतं."

पडदा आला कधी, हात आले कधी

दुरून शिकवणं कोरोनानं आणलं असं आपण समजतो. तसं नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात इस्रोनं अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवली. त्याला 'साइट' म्हणतात. आपल्या कर्नाटकातली विजापूर, गुलबर्गा, रायचूर या जिल्ह्यांतली गावं त्यात होती. ज्या गावात धड रस्ता नव्हता तिथल्या मुलांनी शाळेत बसून विज्ञानाचे कार्यक्रम पाहिले. पडदा किती दूर जाऊ शकतो हे तेव्हाच कळलं होतं. पण तो एकतर्फी होता. मुलानं प्रश्न विचारला तरी तो ऐकणारं पलीकडे कुणी नव्हतं.

त्याच्या तीन वर्षं आधी, १९७२ साली, मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत दुसराच उद्योग सुरू झाला होता. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. तिथं मुलांनी पुस्तकातला प्रयोग वाचायचा नाही, करायचा. सामान गावात मिळेल तेच. सत्तरच्या दशकात आयआयटी कानपूरहून बाहेर पडलेला एक तरुण इंजिनीअर तिथं गेला आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीचे आकार करायला लागला. ते अरविंद गुप्ता. पुढे पुण्याला आयुकाच्या 'मुक्तांगण विज्ञान शोधिके'त त्यांनी अनेक वर्षं काम केलं. शोधिकेची 'पुलस्त्य' ही इमारत पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. कचऱ्यातून खेळणी करण्याचे त्यांचे शेकडो छोटे व्हिडिओ आणि पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, कितीतरी मराठीत आहेत. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या पिढीला या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या आहेत. पडदा दूर पोचतो आणि आता उलट बोलतोही. सामान घरात आहे. मग कोणता प्रयोग पडद्यावरून चांगला होतो? त्या जुलैनंतर मी एक चाळणी केली. प्रयोग कितीही आकर्षक दिसो, आधी या पाच प्रश्नांतून काढायचा.

चाळणी: पाच प्रश्न

*१. सामान सगळ्यांच्या घरात आहे का?* आपल्या घरात नव्हे, सगळ्यांच्या. यादीतली एकही वस्तू विकत आणावी लागत असेल तर प्रयोग बदला किंवा पर्याय आधीच लिहा. 'व्हिनेगर' न लिहिता 'काहीही आंबट' लिहिलं की प्रयोग उलट जास्त चांगला होतो. लिंबू, ताक, चिंच, आमसूल यांत कुणाचा फेस जास्त, ही खरी चौकशी सुरू होते. आणि ती प्रत्येक घरात वेगळी असते.

*२. नेट गेलं तर प्रयोग थांबतो का?* थांबत असेल तर तो प्रयोग पडद्याच्या कामाचा नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाणार, आवाज तुटणार, चित्र गोठणार हे गृहीतच धरा. आम्ही सॉफ्टवेअर लिहिताना हाच विचार करतो, की जोडणी तुटली तरी काम पुढे सरकलं पाहिजे आणि जोडणी आली की हिशेब जुळला पाहिजे. मुलांचंही तसंच. पहिली दहा मिनिटं एकत्र, काय करायचं ते ठरवायला. मग फोन बाजूला. शेवटची पंधरा मिनिटं पुन्हा एकत्र, कुणाला काय मिळालं ते सांगायला. मधला वेळ मुलाच्या हाताचा.

*३. शेजारी मोठं माणूस नसलं तरी चालेल का?* पडद्यापलीकडून तुम्ही मुलाचा हात धरू शकत नाही. म्हणून विस्तव, उकळतं पाणी, ॲसिड, घरातली वीज, ब्लेड, बंद बाटलीत वायू साठवणं हे सगळं बाद. चुंबक लहान मुलांच्या हातात द्यायचे नाहीत. सूर्याचे प्रयोग करा, पण सूर्याकडे बघायचं नाही, फोनच्या कॅमेऱ्यातूनसुद्धा नाही. सूर्याला पाठ करायची आणि सावलीकडे बघायचं.

*४. उत्तर दुसऱ्या टॅबवर आहे का?* हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत उशिरा कळला. "मीठ घातल्यावर अंडं का तरंगतं" याचं उत्तर पाच सेकंदांत मिळतं. मग मूल प्रयोग करत नाही, उत्तराशी प्रयोग जुळवतं. "आपल्या नळाचा थेंब दिवसाला किती पाणी घालवतो" याचं उत्तर जगात कुठेच नाही, ते फक्त तुमच्या घरात आहे. वाटी ठेवा, दहा मिनिटं थांबा, मोजा, १४४ नं गुणा.

*५. अंतर कामाला येतं का?* बहुतेक ऑनलाइन प्रयोगांत अंतर ही अडचण असते. पण काही प्रयोग असे आहेत की दोन मुलं एकाच गावात असतील तर ते होतच नाहीत. आपल्या नातेवाइकांचे पत्ते आठवा. पुणे, इंदूर, बडोदा, हैदराबाद, मेलबर्न, शिकागो. लग्नाची आमंत्रणं पाठवताना जी यादी डोकं उठवते तीच यादी विज्ञानाच्या दृष्टीनं मोठी संपत्ती आहे.

पाचही प्रश्नांना उतरणारे प्रयोग थोडेच असतात. तीनांना उतरला तरी घ्या. पण तिसरा प्रश्न सोडायचा नाही.

पडद्यावरच शोभतं ते

म्हणजे पडद्यावरची विज्ञानाची साधनं वाईट का? मुळीच नाही. जे डोळ्यांनी दिसत नाही किंवा हातात धरता येत नाही त्यासाठी ती हवीतच. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा उपक्रम नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केला. त्यात अणूत प्रोटॉन टाकता येतात, ग्रहाचा वेग बदलून कक्षा कशी बिघडते ते पाहता येतं, बॅटरी आणि दिवा जोडून शॉर्टसर्किट केलं तरी कुणाला इजा होत नाही. सगळं फुकट आहे, आणि बरीच प्रतिमानं मराठीत आणि कन्नडमध्येही आहेत. आपल्याकडच्या मुलांना हे फार उपयोगी पडतं. घरात सावली, गल्लीत नेरळु आणि शाळेत शॅडो असा त्यांचा दिवस असतो. एकच गोष्ट तिन्ही भाषांत ओळखता आली की ती पक्की बसते.

पण पेंडुलम, तरंगणं, बुडणं, सावली, रंग, आवाज यांसाठी पडदा नको. दोरी आणि किल्ली घरात असताना पडद्यावरचा लंबक कशाला हलवायचा? पडद्यावरचा लंबक कधी चुकत नाही. दोरीचा चुकतो, अडकतो, वाकडा फिरतो, आणि तिथंच शिकणं असतं.

फोनचा तिसरा उपयोग मला सर्वांत आवडतो. फोन बघायचा पडदा म्हणून न वापरता मोजायचं साधन म्हणून वापरायचा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं 'फिफॉक्स' नावाचं मोफत ॲप केलं आहे. फोनमध्ये असलेले संवेदक त्यातून उघडे होतात. दोन फोन पाच मीटर अंतरावर ठेवायचे, दोन्हींवर आवाजानं चालू-बंद होणारं घड्याळ लावायचं. पहिल्या फोनजवळ एकानं टाळी वाजवायची, मग दुसऱ्या फोनजवळ दुसऱ्यानं. दोन घड्याळांतला फरक सेकंदाच्या सुमारे चौतिसाव्या भागाइतका येतो. तेवढ्या वेळात आवाजानं एकूण दहा मीटर कापलेले असतात. भागाकार केला की आवाजाचा वेग हातात. दोन मोठ्यांचे फोन पंधरा मिनिटं मागून घ्यावे लागतात, एवढाच यातला अवघड भाग.

आपल्या घरांसाठी चार प्रयोग

*मटकीचे मोड.* आपल्या स्वयंपाकघरात ही प्रयोगशाळा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मटकी आठ तास भिजवा, तीन फडक्यांत बांधा. एक पुरचुंडी ओट्याशी उबेला, एक घराच्या सर्वांत गार कोपऱ्यात, एक फ्रीजमध्ये. चोवीस तासांनी प्रत्येकीतले दहा दाणे काढून मोड पट्टीनं मोजा आणि सरासरी काढा. हाच प्रयोग त्याच दिवशी थंडीच्या गावातल्या भावंडाला करायला सांगा. दोघांचे आकडे शेजारी मांडा. मुलं पहिल्यांदाच म्हणतील, "दहा दाणे कमी पडतात." ते त्यांनी स्वतः म्हणू द्या. प्रयोग संपल्यावर उसळ.

*पावसाची बाटली.* जूनमध्ये करा. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली मोठ्यांनी वरून कापून द्यायची, वरचा भाग उलटा करून नाळक्यासारखा बसवायचा. बूड खडबडीत असतं म्हणून खाली गोट्या घालून थोडं पाणी भरायचं आणि तिथं शून्याची रेघ मारायची. वर पट्टी चिकटवायची. रोज सकाळी आठला मिलिमीटर वाचायचे आणि बाटली पुन्हा शून्यावर आणायची. धारवाड आणि हुबळी वीसेक किलोमीटरवर, पण पाऊस दोघांचा वेगळा. धारवाड मलनाडाच्या उंबरठ्यावर बसलेलं, हुबळी कोरड्या मैदानाच्या बाजूला. "आमच्याकडं जास्त पडला" हे आजवर गप्पांत ठरत होतं, ते आता वहीत ठरू द्या.

*चंद्रावरचा ससा.* ज्यांचे नातेवाईक ऑस्ट्रेलियात आहेत त्यांच्यासाठी. दोन्हीकडच्या मुलांनी एकाच दिवशी संध्याकाळी चंद्राचं चित्र काढायचं, फोटो नाही. मग चित्रं एकमेकांना दाखवायची. आपला ससा तिकडे उलटा दिसतो. का, हे सांगू नका. मुलाला डोकं खाली करून बघायला सांगा.

*दोन गावांची सावली.* हाच तो आमचा जानेवारीचा प्रयोग. तो मूळचा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या इरॅटोस्थेनिसचा. हा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख. दक्षिणेला साईनी, म्हणजे आजच्या अस्वान गावात, वर्षातल्या एका दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि विहिरीच्या तळाशी ऊन पोचतं, हे त्याला माहीत होतं. त्याच दुपारी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडत होती. ऊन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतकं, म्हणजे ७.२ अंश, तिरकं होतं. याचा अर्थ दोन गावांमधलं अंतर हा पृथ्वीच्या परिघाचा पन्नासावा भाग. अंतराला पन्नासनं गुणलं की झालं.

यासाठी दोन गावं साधारण एकाच रेखांशावर, एकमेकांच्या उत्तर-दक्षिणेला हवीत. मी नकाशा उघडला आणि हसूच आलं. धारवाड १५.४६ अक्षांशावर, इंदूर २२.७२ वर. फरक ७.२६ अंश! रेखांशात एका अंशाचाही फरक नाही. इरॅटोस्थेनिसला जी दोन गावं मिळाली जवळजवळ तशीच आपल्या घरात मावशी आणि भाच्याच्या रूपानं बसली होती. हुबळीचा आकडाही याच्या जवळपासच आहे. कृती अशी:

* काठी बरोबर एक मीटर. वाळूच्या बादलीत उभी करायची. दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा करायचा आणि काठी दोन बाजूंनी सरळ आहे ना ते बघायचं.
* जमीन सपाट हवी. ताटात पाणी घालून तपासता येतं.
* सूर्य सर्वांत वर बाराला येतो असं नाही. आपल्या घड्याळाची वेळ पूर्वेकडच्या ८२.५ रेखांशावरची आहे, म्हणून आपल्याकडे तो उशिरा येतो. त्या दिवशी धारवाडला ही वेळ १२ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास होती. वेळ पाठ करू नका. सव्वाबारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक टिपा, सर्वांत आखूड ती खरी.
* वहीत काठी १० सेंटिमीटर आणि सावली त्याच प्रमाणात काढा. काठीचं टोक आणि सावलीचं टोक जोडा. वरचा कोन कोनमापकानं मोजा. चौथीच्या मुलालाही हे जमतं.
* दोन गावांच्या कोनांतला फरक काढा. ३६० ला त्या फरकानं भागा, आलेल्या संख्येला सरळ अंतरानं गुणा. अंतर रस्त्याचं नव्हे, नकाशावरच्या सरळ रेषेचं.

या प्रयोगात आवाज तुटला तरी बिघडत नाही. दुपारच्या त्या वेळेला सावली इतकी हळू बदलते की मिनिट-दोन मिनिटांचा फरक सहज पचतो.

गज

तर आमचं उत्तर ५८,३२० आलं होतं, मुलगा आकडे बदलायला निघाला होता आणि भाची रुसली होती.

मी मुलाला रागावले नाही. त्यानं जे केलं ते मोठीही करतात. मी त्याला एवढंच विचारलं, "आपला प्रोग्राम चुकीचं उत्तर देतो तेव्हा मी काय करते? उत्तर खोडून बरोबर लिहिते का?" त्यानं मला रात्री उशिरापर्यंत चुका शोधत बसलेलं पाहिलं आहे. तो म्हणाला, "नाही, कुठं चुकलं ते शोधतेस." मग आम्ही यादी केली. कोन चुकला? पुन्हा मोजला, धारवाडचा ३७, इंदूरचा ४२, दोन्ही बरोबर. अंतर? ८१०, बरोबर. भागाकार? बरोबर. आमची काठी? एक मीटर, बरोबर. उरलं इंदूर. पण ताईला फोन करून "तुझं चुकलं" म्हणायचं कुणी?

दोन दिवसांनी संक्रांत होती. तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणायला त्यानं स्वतः फोन लावला. थोडं गोड बोलून झाल्यावर हळूच विचारलं, "ताई, तुझी काठी कसली होती?"

"आजोबांची. दुकानात कापड मोजायची. लोखंडी आहे, एकदम सरळ. मीटरच आहे ती."

अक्काच्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकान कधीच बंद झालं, पण ती सळई माळ्यावर राहिली होती. कापड मोजायची काठी म्हणजे मीटरच, असं पोरीनं धरलं होतं, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. पलीकडून आजोबांचा आवाज आला, "अगं, तो मीटर नाही, गज आहे! माझ्या वडिलांच्या वेळचा."

पट्टी आणली, मोजलं. ९१.५ सेंटिमीटर.

फोनवर क्षणभर शांतता, आणि मग दोन्हीकडून एकदम ओरडा. नवा त्रिकोण काढला. काठी ९१.५, सावली ८९.५. कोन आला ४४ अंश. ४४ वजा ३७, सात. ३६० भागिले ७ गुणिले ८१०. उत्तर ४१,६०० किलोमीटरच्या थोडं वर. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे. एक जुना गज, एक झाडूचा दांडा, शाळेचा कोनमापक आणि चूक फक्त चार टक्क्यांची.

त्या दिवशी आकडा वाढवून लिहिला असता तर उत्तर चाळीस हजारच्या जास्त जवळ आलं असतं. पण माळ्यावरचा गज कुणाला सापडला नसता. आजोबांनी त्या संध्याकाळी नातीला गज, वार, तसू, शेर, मण सगळं सांगितलं म्हणे. देशात मेट्रिक मापं पन्नास-साठच्या दशकांत आली आणि कित्येक वर्षं दुकानात दोन्ही काठ्या ठेवाव्या लागत, हेही. माझा मुलगा फोनवर तासभर ऐकत होता. एरवी इंदूरच्या आजोबांशी त्याचं बोलणं "नमस्कार, कसे आहात" याच्या पुढे जात नाही.

पुढचा रविवार

मी आता दर महिन्याला एकदाच मुलांना एकत्र आणते, दर रविवारी नाही. २०२० मध्ये ज्यानं कॅमेरा बंद केला होता तो मुलगा आता हायस्कुलात आहे. गेल्या वेळी पुढचा प्रयोग ठरवताना मी काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, "ताई, सामान काय लागणार? सगळ्यांकडं आहे ना ते?" आता सामानाची यादी तोच करतो. त्याच्या यादीत एकही विकतची वस्तू नसते.

तुम्हालाही सुरुवात करायची असेल तर एक सोपी तारीख सांगते. २ मे. त्या दिवसाच्या आसपास हुबळी-धारवाडला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेमध्ये आकाश बहुधा मोकळं असतं. ऑगस्टच्या १०-११ तारखेलाही असंच होतं, पण तेव्हा आपल्याकडे सूर्य दिसला तर नशीब. पुण्याच्या भावंडांचा हा दिवस मेच्या मध्याला येतो, इंदूरचा जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी. दिल्लीला तो कधीच येत नाही. का येत नाही, हे मुलांना लगेच सांगू नका.

एक वाटी, एक काठी, एक भावंड परगावी, एवढं पुरतं. प्रयोगानंतर जमलं तर कर्नाटक विद्यापीठाच्या आवारातल्या विज्ञान केंद्रात मुलांना घेऊन जा, तिथली यंत्रं त्यांना आता वेगळी दिसतील. आणि काठी आधी मोजून घ्या.